आंतरवासिता काळातील व्यवसायविषयक सल्ला : अनुभवी व्यक्तीकडे जाण्याची रीत व महाविद्यालयाची भूमिका (अमरावती-अकोला परिसराच्या संदर्भात)

बीजशब्द : आंतरवासिता, ऑन जॉब ट्रेनिंग, ग्रामीण कृषी कार्यानुभव, व्यवसायमार्गदर्शन, पहिल्या पिढीतील पदवीधर.

प्रस्तावना

आंतरवासितेचा शेवटचा दिवस बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. विद्यार्थी दैनंदिनी घेऊन कार्यालयप्रमुखाच्या टेबलापुढे उभा राहतो. हजेरीच्या तक्त्यावर सही होते, प्रमाणपत्रावर शिक्का बसतो, शुभेच्छांचे दोन शब्द उच्चारले जातात आणि विद्यार्थी बाहेर पडतो. समोरच्या खुर्चीवरील व्यक्तीने त्या व्यवसायात पंचवीस-तीस वर्षे घालविलेली असतात. आपण या क्षेत्रात यावे काय, यावयाचे तर कोणत्या वाटेने, प्रारंभीची वर्षे कशी काढावी लागतात, हे प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात असतात; परंतु ते विचारले जात नाहीत. तासांची पूर्तता होते, श्रेयांक मिळतात, पण त्या व्यवसायाच्या आत वावरणाऱ्या माणसाची कदाचित पहिलीच ओळख तेथेच संपते.

ज्या घरात वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल किंवा अभियंता असतो, त्या घरातील मुलांचे असे प्रश्न जेवता जेवता सुटतात. वऱ्हाडातील महाविद्यालयांत येणारा मोठा विद्यार्थिवर्ग मात्र शेतकरी, शेतमजूर, छोटे दुकानदार व कारागीर यांच्या कुटुंबांतून येतो. त्यांपैकी अनेकजण पदवीपर्यंत पोहोचलेल्या पहिल्या पिढीचे प्रतिनिधी असतात. त्यांच्या घरी कष्टाची उणीव नसते, मायेचीही नसते; उणीव असते ती त्या व्यवसायाची आतली माहिती असणाऱ्या माणसाची. आंतरवासिता ही उणीव काही आठवड्यांपुरती भरून काढू शकते. म्हणून तेथे सल्ला न मागता परत येणे हे अशा विद्यार्थ्याचे विशेष नुकसान ठरते.

अनुभवी व्यक्तीकडे सल्ला मागणे हा काही मोजक्या धीट विद्यार्थ्यांचा स्वभावगुण नसून ते शिकविता येण्याजोगे कौशल्य आहे आणि ते शिकविण्याचे दायित्व महाविद्यालयाकडे येते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. या भूमिकेतून संकोचाची कारणे, सल्ला मागण्याची रीत, तिच्या मर्यादा आणि प्राध्यापकांनी करावयाची कामे यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

'अंतेवासी' ते आंतरवासिता

गुरूच्या सान्निध्यात राहून शिकणारा तो 'अंतेवासी', हा शब्द भारतीय परंपरेत जुना आहे. तो केवळ वेदाध्ययनापुरता मर्यादित नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीत शिल्प किंवा कारागिरी शिकणाऱ्यासही अंतेवासी म्हटले आहे. काम लवकर शिकून झाले तरी ठरलेला काळ त्याने गुरूकडे राहावे, गुरूने त्याच्या भोजनाची सोय करावी आणि त्या काळातील कामाचे फळ गुरूस मिळावे, असा तेथील व्यवहार आहे. म्हणजे शिकणे, काम करणे आणि अनुभवी व्यक्तीच्या सहवासात राहणे या तीन गोष्टी त्यात एकत्र होत्या.

आजच्या आंतरवासितेत पहिल्या दोन गोष्टी नियमांनी बांधल्या गेल्या आहेत. तिसरी गोष्ट, म्हणजे सहवासातून मिळणारे व्यवसायाचे शहाणपण, मात्र योगायोगावर सोडली गेली आहे. कामाचे तास मोजता येतात, अहवालाची पाने मोजता येतात. संवाद मोजता येत नाही. जे मोजले जात नाही त्याकडे दुर्लक्ष होते, हा शिक्षणव्यवस्थेतील नेहमीचा अनुभव येथेही येतो.

परिसरातील आंतरवासितेचे स्वरूप

अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत आंतरवासितेचे अनेक प्रकार चालू आहेत. त्यांपैकी कृषी शाखेचा प्रकार या भूमीशी सर्वांत जवळचा आहे. अकोला येथे १९६९ साली स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कक्षेतील पदवी विद्यार्थी अंतिम वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभव घेतात. गावकरी व वृत्तपत्रे त्यांना 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' या नावांनी ओळखतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने या कार्यक्रमासाठी सुमारे वीस आठवड्यांची आखणी केली. तीत गावातील वास्तव्य, कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्राशी संलग्नता, वनस्पती चिकित्सालय व कृषी उद्योगातील अनुभव यांचा समावेश होता.

वैद्यकीय पदवीनंतर बारा महिन्यांची सक्तीची फिरती आंतरवासिता असते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी द्विवर्षीय बी.एड. अभ्यासक्रमात वीस आठवड्यांच्या शालेय आंतरवासितेची तरतूद केली. सनदी लेखापालांची आर्टिकलशिप २०२३ च्या नव्या योजनेत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांतही ऑन जॉब ट्रेनिंग आले. चार श्रेयांक आणि प्रत्येक श्रेयांकास तीस तास या हिशेबाने ते १२० तासांचे होते.

हा शेवटचा आकडा विचार करण्याजोगा आहे. दिवसाला चार तास धरले तर १२० तास म्हणजे तीस दिवस. त्यातील पहिला आठवडा जागा समजून घेण्यात जातो आणि शेवटचा अहवाल लिहिण्यात. अनुभवी व्यक्तीशी ओळख वाढावी आणि तिच्याकडे प्रश्न न्यावा यासाठी प्रत्यक्षात दोन-तीन आठवडेच उरतात. वेळ एवढा थोडा असताना 'विद्यार्थी आपणहून विचारतील' या भरवशावर राहणे योग्य नाही.

कृषी कार्यानुभवात एक लक्षणीय विसंगतीही दिसते. कृषिदूत गावात जातो तो प्रामुख्याने सल्ला देणारा म्हणून. बीजप्रक्रिया, माती परीक्षण, कीडनियंत्रण यांची प्रात्यक्षिके तो करून दाखवितो. ज्यांच्या शेतावर तो उभा असतो त्यांच्याकडे कपाशी, तूर व सोयाबीनच्या हंगामांचा तीन-चार दशकांचा अनुभव असतो. ज्या केंद्रात तो बसतो तेथे अनेक वर्षे विस्तारकार्य केलेले विषयतज्ज्ञ असतात. या दोघांनाही तो तांत्रिक माहिती विचारतो, परंतु 'माझ्या पुढील वाटेविषयी तुम्हाला काय वाटते' हा प्रश्न क्वचितच विचारतो. अनुभवी शेतकरी हाही व्यावसायिकच आहे, हे भान अभ्यासक्रमाच्या रचनेतून विद्यार्थ्यापर्यंत सहज पोहोचत नाही.

संकोचाची कारणे

विद्यार्थी का विचारत नाहीत, याचे उत्तर 'धीटपणाचा अभाव' एवढ्यावर संपत नाही. त्यामागे किमान चार कारणे दिसतात.

पहिले कारण आदराच्या कल्पनेचे आहे. मोठ्यांनी बोलावल्याशिवाय त्यांच्याशी बोलू नये, त्यांचा वेळ घेऊ नये, असे संस्कार वऱ्हाडातील घरांत आजही केले जातात. ते वाईट नाहीत. मात्र विचारपूर्वक मागितलेला सल्ला हाही आदराचाच प्रकार आहे, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण त्याने ऐकलेली असते, पण तिचा संबंध तो आपल्या आंतरवासितेशी जोडत नाही.

दुसरे कारण सल्ला आणि वशिला यांच्यातील गोंधळाचे आहे. साहेबांकडे करिअरविषयी बोलणे म्हणजे नोकरीसाठी शब्द टाकणे, असा समज विद्यार्थ्यांत आणि कधीकधी खुद्द साहेबांतही असतो. स्वाभिमानी विद्यार्थी त्यामुळे गप्प राहतो. वास्तविक दोन्ही मागण्या निराळ्या आहेत. वशिल्यात समोरच्याचा अधिकार मागितला जातो, सल्ल्यात त्याचा अनुभव. अधिकार वापरताना त्याला काहीतरी पणाला लावावे लागते. अनुभव सांगताना मात्र त्याचे काहीच कमी होत नाही.

तिसरे कारण भाषेचे आहे. 'मले', 'तुमाले', 'सांगसान काय' अशी घरची बोली बोलणारा विद्यार्थी इंग्रजी फलक असलेल्या कार्यालयात शिरताच शब्द चाचपडू लागतो. आपली बोली ऐकून आपली पात्रता ठरविली जाईल, या भीतीने तो मौन पत्करतो. अमरावती-अकोल्यातील बरेचसे ज्येष्ठ व्यावसायिक त्याच बोलीत वाढलेले असतात, ही गोष्ट त्याच्या लक्षात येत नाही. प्रश्न नेमका असेल तर बोलीने त्याचे मोल घटत नाही.

चौथे कारण नकाराच्या भीतीचे आहे. याबाबत सामाजिक मानसशास्त्रातील एक निष्कर्ष उपयुक्त ठरतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेत असे दिसून आले, की इतरांना थेट मदत मागितल्यास ते होकार देतील ही शक्यता माणसे प्रत्यक्षाहून बरीच कमी धरतात. काही प्रयोगांत तर ती जवळजवळ निम्मी धरली गेली होती. मागणारा समोरच्याला पडणाऱ्या त्रासाचा विचार करतो. समोरच्याला नाही म्हणणे किती अवघड जाते, याचा विचार त्याच्या मनात येत नाही. हा निष्कर्ष अन्य देशातील आहे हे खरे. तथापि त्यात वर्णिलेला संकोच येथील प्राध्यापकांना अपरिचित वाटणार नाही.

अल्प परिचयाचे महत्त्व

आंतरवासितेतील ओळख ही दूरची असते. मग तिच्यातून खरोखर काही साधते काय, अशी शंका घेतली जाते. या शंकेचे उत्तर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या 'दुर्बल संबंधांचे बळ' या सुप्रसिद्ध निबंधात मिळते. जवळची माणसे आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांच्याजवळची माहिती बहुधा आपल्याजवळही असते. नवी माहिती येते ती अल्प परिचयाच्या माणसांकडून, असे त्यांनी दाखविले. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, लिंक्डइनवरील दोन कोटींहून अधिक व्यक्तींच्या पाच वर्षांच्या अभ्यासाने या विचारास पुष्टी दिली आणि त्यात भरही घातली. अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम स्वरूपाची ओळख नोकरी बदलण्यास अधिक साहाय्यक ठरते; आणि ज्या उद्योगांत संगणकीय कामाचे प्रमाण कमी आहे, तेथे दृढ संबंध अधिक उपयोगी पडतात.

अकोल्याच्या डाळ मिल, जिनिंग-प्रेसिंग, कृषी निविष्ठांचा व्यापार, सहकारी पतसंस्था, अमरावतीजवळील नांदगाव पेठेतील वस्त्रोद्योग या क्षेत्रांचा विचार करता या निष्कर्षाचा दुसरा भाग विशेष लागू पडावा. अशा व्यवसायांत माणूस पारखून मगच विश्वास टाकला जातो. म्हणून येथे एका भेटीने काम भागत नाही. आंतरवासितेत झालेली ओळख पुढे जपावी लागते. पहिल्या पिढीतील पदवीधरासाठी ती ओळख म्हणजे स्वतःच्या वर्तुळाबाहेर उघडणारे दार असते.

मेळघाटाचे उदाहरण

सल्ला कसा मागावा, याचे एक बोलके उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे. मूळचे शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे यांनी १९८० च्या दशकात नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि मेळघाटातील बैरागड येथे जाऊन सेवा करण्याचे ठरविले. तेथे क्ष-किरण यंत्र नव्हते, सोनोग्राफी नव्हती, रक्त देण्याची सोय नव्हती. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी ते आपल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांकडे गेले. मुलाखतींतून पुढे आलेल्या त्यांच्या कथनानुसार, त्या प्राध्यापकांनी त्यांना तीन गोष्टी शिकून घेण्यास सांगितले : सोनोग्राफी व रक्ताच्या सोयीशिवाय बाळंतपण करणे, क्ष-किरण चित्राशिवाय न्यूमोनिया ओळखणे आणि अतिसारावर उपचार करणे. त्यासाठी कोल्हे यांनी मुंबईत सहा महिने काम करून ही कौशल्ये मिळविली आणि मग ते बैरागडला गेले. तेथील अनुभवात आपले ज्ञान अपुरे पडते असे दिसल्यावर ते पदव्युत्तर शिक्षणासाठी परतले आणि पुन्हा मेळघाटात जाऊन स्थिरावले. २०१९ साली डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्यास पद्मश्री प्रदान करण्यात आली.

या प्रसंगाकडे केवळ प्रेरणाकथा म्हणून न पाहता सल्ला मागण्याचा नमुना म्हणून पाहिले तर चार गोष्टी हाती लागतात. पहिली, मागणाऱ्याने आपली दिशा आधी ठरविली होती. 'मी काय करू' असा त्याचा प्रश्न नव्हता. 'मला तेथे जावयाचे आहे, त्यासाठी काय यावे लागेल' असा होता. दुसरी, प्रश्न योग्य व्यक्तीकडे नेला गेला. तिसरी, उत्तर उपदेशाच्या स्वरूपात न येता शिकता येतील अशा तीन कामांच्या रूपात आले. नेमक्या प्रश्नालाच असे नेमके उत्तर मिळते. चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की मिळालेला सल्ला आधी अमलात आणला गेला आणि तो जेथे पुरला नाही तेथे पुन्हा शिक्षणाकडे वळण्यात कमीपणा मानला गेला नाही. प्रत्येक विद्यार्थी मेळघाटात जाणार नाही. परंतु प्रश्नाची ही घडण लेखापालाच्या कार्यालयात, न्यायालयात किंवा कारखान्यातही उपयोगी पडते.

सल्ला मागण्याची रीत

(१) व्यक्तीची निवड : सर्वांत मोठ्या पदावरील व्यक्तीच सर्वांत उपयुक्त असते असे नाही. संस्थाप्रमुखाने व्यवसायात प्रवेश केला तेव्हाची परिस्थिती आज उरलेली नसते. विद्यार्थ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी पुढे असलेली व्यक्ती प्रवेशाच्या वाटा ताज्या आठवणीतून सांगू शकते, तर तीस वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती व्यवसायाचा लांबचा पल्ला दाखवू शकते. शक्य असल्यास दोघांशीही बोलावे. मुख्य म्हणजे जिने विद्यार्थ्याचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे, तिच्या मताला अधिक वजन द्यावे.

(२) वेळेची निवड : प्रत्येक व्यवसायाला हंगाम असतो. नवी तूर बाजारात येऊ लागली की डाळ मिलमध्ये कोणालाही उसंत नसते. कापसाच्या आवकेच्या काळात जिनिंगमध्ये, पेरणीच्या दिवसांत कृषी सेवा केंद्रात, मार्चअखेरीस बँकेत आणि विवरणपत्रांच्या अंतिम मुदतीच्या सुमारास कर सल्लागाराच्या कार्यालयात सल्ल्याची अपेक्षा धरू नये. आंतरवासितेच्या पहिल्याच आठवड्यात असा विषय काढणे उतावीळपणाचे ठरते. शेवटच्या दिवशी तो काढल्यास बोलायला वेळ उरत नाही. अर्धा कालावधी उलटल्यानंतर आणि एखादे काम नीट पूर्ण करून दिल्यानंतरची वेळ सर्वांत अनुकूल असते.

(३) विनंतीचे स्वरूप : विनंती थोडक्यात, स्पष्ट आणि ठराविक वेळेची असावी. लेखापालाच्या कार्यालयात प्रशिक्षण घेणाऱ्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पुढील शब्दांत ती करावी, असे नमुन्यादाखल सुचविता येईल : 'सर, गेले चार आठवडे मी आपल्याकडे जीएसटीच्या विवरणपत्रांचे काम शिकत आहे. पदवीनंतर सीए इंटरमीडिएटकडे वळावे की आधी दोन वर्षे लेखा सहायक म्हणून नोकरी करावी, हे माझे ठरत नाही. घरी या क्षेत्रातील कोणी नाही. या आठवड्यात आपल्या सोयीने पंधरा मिनिटे दिलीत तर मला विचार करायला मदत होईल.' या चार-पाच वाक्यांत ओळख आहे, कामाचा संदर्भ आहे, नेमका पेच आहे आणि वेळेची मर्यादा आहे. नोकरीची मागणी नाही, स्तुती नाही आणि स्वतःला कमी लेखणेही नाही.

(४) प्रश्नांची घडण : 'या क्षेत्रात स्कोप आहे काय' हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वत्र सारखेच मोघम मिळते. त्याऐवजी अनुभवाकडे नेणारे प्रश्न विचारावेत. पहिल्या तीन वर्षांत कोणत्या गोष्टी कठीण गेल्या? आज नवीन व्यक्ती घेताना आपण काय पाहता? माझ्या कामात कोणती उणीव आपल्याला दिसली? हे काम अमरावती-अकोल्यात राहून वाढू शकते, की काही वर्षे पुणे-मुंबईकडे जावे लागते? यांपैकी तिसरा प्रश्न विचारायला सर्वांत जड जातो, पण त्याचे उत्तर दुसरीकडे कोठेही मिळत नाही. चौथा प्रश्न या भागातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने कळीचा आहे. कारण गाव सोडण्याचा निर्णय येथे एकट्या विद्यार्थ्याचा नसतो, तो साऱ्या घराचा असतो.

(५) ऐकणे व नोंद : संभाषणात विद्यार्थ्याने कमी बोलावे. सांगणारा आपल्या आठवणींत रमला तरी त्याला तोडू नये. अनेकदा व्यवसायाचे मर्म त्या आठवणींतच असते. परवानगी घेऊन मुद्दे टिपावेत. ठरलेली वेळ संपताच आपणहून उठावे. समोरच्याने थांबविले तर गोष्ट वेगळी.

(६) पाठपुरावा : त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आभाराचा छोटा संदेश पाठवावा. दोन-तीन महिन्यांनी, सल्ल्यातील कोणती गोष्ट केली आणि त्यातून काय घडले, हे कळवावे. आपल्या शब्दाचे काय झाले हे सल्ला देणाऱ्याला बहुधा कधीच कळत नाही. ते कळविणारा विद्यार्थी त्याच्या लक्षात राहतो आणि अल्प परिचयाचे रूपांतर टिकाऊ संबंधात होते.

मर्यादा व दक्षता

सल्ल्याचे महत्त्व सांगताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य नाही. अनुभवी व्यक्ती स्वतःच्या अनुभवाला सार्वत्रिक नियम मानण्याची शक्यता असते. एखाद्याला व्यवसायाने थकविलेले असते, म्हणून तो सर्वांनाच परावृत्त करतो. दुसऱ्याला यश सहज मिळालेले असते, म्हणून त्याला इतरांच्या अडचणी दिसत नाहीत. यासाठी एकाच व्यक्तीच्या मतावर निर्णय घेऊ नये. किमान दोन व्यक्तींशी बोलून त्यांची मते कोठे जुळतात आणि कोठे वेगळी होतात, हे पाहावे. मात्र 'इकडे येऊ नकोस' असे कारणांसह मिळालेले उत्तरही मोलाचे असते. ते चार आठवड्यांत मिळाले तर विद्यार्थ्याची चार वर्षे वाचू शकतात.

दुसरी मर्यादा सत्तेच्या असमतोलाची आहे. सल्ल्याच्या बदल्यात विनावेतन जादा काम किंवा खासगी कामे सांगितली जात असतील, तर तो सल्ला नव्हे. विद्यार्थिनींच्या बाबतीत भेट कार्यालयीन वेळेत, कामाच्या जागी आणि इतरांच्या वावरात व्हावी, हे महाविद्यालयानेच यजमान संस्थेशी ठरवून द्यावे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ चे संरक्षण प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, ही माहिती आंतरवासितेला जाण्यापूर्वीच दिली गेली पाहिजे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. सुरक्षिततेची खात्री असेल तरच विद्यार्थिनी मोकळेपणाने विचारू शकतात. आणि ही खात्री देणे हे एकट्या विद्यार्थिनीचे काम नाही.

महाविद्यालयाची भूमिका

वरील विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचविता येतात. त्यांपैकी एकाही उपायास स्वतंत्र निधी लागत नाही.

(अ) पूर्वतयारीचा तास : आंतरवासितेच्या आधी होणाऱ्या उद्बोधनात बहुधा गणवेश, हजेरी आणि अहवालाचा नमुना यांवरच भर असतो. त्यात एक तास सल्ला मागण्याच्या सरावासाठी ठेवावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपली विनंती लिहावी आणि सहकाऱ्यांसमोर बोलून दाखवावी. जे एकदा वर्गात बोलून झाले आहे, ते कार्यालयात बोलणे सोपे जाते.

(आ) यजमान संस्थेशी पूर्वसंकेत : अनुमतिपत्रात एका वाक्याची भर घालावी : 'अंतिम टप्प्यात विद्यार्थ्याशी त्याच्या भावी वाटचालीविषयी वीस मिनिटे बोलावे, ही विनंती.' या एका वाक्याने संकोचाचा मोठा भाग दूर होतो. विद्यार्थ्याला आगाऊपणा केल्यासारखे वाटत नाही आणि यजमानालाही ते अनपेक्षित नसते.

(इ) दैनंदिनीतील एक पान : दैनंदिनीत 'सल्लाभेट' या शीर्षकाचे एक पान असावे. कोणाशी बोललो, काय विचारले, काय ऐकले, कोणती गोष्ट पटली, कोणती पटली नाही आणि पुढील तीन महिन्यांत काय करणार, एवढ्याच नोंदी पुरे आहेत. गुण द्यावयाचे ते भेटलेल्या व्यक्तीच्या पदावरून नव्हे, तर विद्यार्थ्याने केलेल्या विचारावरून. अन्यथा येथेही मोठी नावे लिहिण्याची स्पर्धा सुरू होईल.

(ई) माजी विद्यार्थ्यांचा सहभाग : मूल्यांकनाच्या निमित्ताने बहुतेक महाविद्यालयांनी माजी विद्यार्थ्यांच्या याद्या केल्या आहेत, त्या मेळाव्यापुरत्या उघडल्या जातात. व्यवसायानुसार त्यांची वर्गवारी केल्यास सात-आठ वर्षांनी पुढे असलेली, त्याच बोलीची आणि त्याच परिस्थितीतून गेलेली व्यक्ती विद्यार्थ्याला सापडू शकते.

(उ) प्राध्यापकाची यजमानभेट : मार्गदर्शक प्राध्यापकाची भेट केवळ हजेरी तपासण्यापुरती नसावी. एका प्राध्यापकाकडे अनेक विद्यार्थी असतात आणि प्रत्येक ठिकाणी जाणे शक्य होत नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी दूरध्वनीवर यजमानास 'या विद्यार्थ्याशी आपले बोलणे झाले काय' एवढा एक प्रश्न विचारला तरी तो परिणामकारक ठरतो.

समारोप

आंतरवासिता विद्यार्थ्याला व्यवसायाच्या उंबरठ्यापर्यंत नेते. उंबरठ्याच्या आत काय आहे, हे आत राहणाऱ्या माणसाला विचारल्यावाचून कळत नाही. संपन्न घरातील विद्यार्थ्याला हे विचारण्याची संधी पुन्हा पुन्हा मिळते. पहिल्या पिढीतील पदवीधराला ती कदाचित १२० तासांतच मिळते. ती वाया गेली तर कोणत्याही अहवालात त्याची नोंद होत नाही, कोणाचे गुण कमी होत नाहीत, म्हणूनच तिकडे सहजासहजी कोणाचे लक्ष जात नाही.

परिसरातील डॉक्टर, वकील, उद्योजक, कृषितज्ज्ञ व शेतकरी यांच्याजवळ अनुभवाची कमतरता नाही आणि तो सांगण्याची त्यांची तयारीही बहुधा असते. विद्यार्थ्यांजवळ प्रश्नही आहेत. या दोहोंना समोरासमोर आणणारी वीस मिनिटे अभ्यासक्रमात राखून ठेवणे महाविद्यालयाच्या हाती आहे. तेवढे साधले तर आंतरवासितेचा शेवटचा दिवस सही आणि शिक्क्यावर संपणार नाही.